धाव, हवा आणि उतार

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची जी वाटोळी पट्टी चढवितात, तिला आपल्याकडे धाव म्हणतात. लोहार ती तापवून लाल करतो, चाकावर घालतो आणि वरून पाणी ओततो. पट्टी आक्रसते आणि चाकाला आवळून बसते. नोकरीनिमित्त सिमल्यास आल्यापासून हा शब्द आमच्या बोलण्यातून जवळजवळ गेला होता. तो परत आठवला, त्याला निमित्त झाले आमच्या कचेरीतील एका मराठी सहकाऱ्यांचे चिरंजीव. त्याला डोंगरउतारावरून सायकल पिटाळण्याचा नाद आहे. या खेळाला डाउनहिल म्हणतात. एका रविवारी त्याने आपल्या सायकलीचे चाक आमच्यापुढे धरले आणि म्हणाला, “काका, यात ट्यूबच नाही.” कॉलेजची चार वर्षे पुण्यात सायकलीवर काढलेल्या आम्हांस ही थट्टाच वाटली. ट्यूब नाही, तर हवा राहते कोठे? उत्तर शोधू लागलो, तो पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास हाती आला.

हवेचा टायर डनलॉप यांनी शोधला असे आपण सारे शाळेत शिकलो. वस्तुतः तो मान रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थांचा. १८४५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले. रबर चढविलेल्या कापडाच्या नळीत हवा भरायची आणि तिच्यावर कातड्याचे आवरण घालायचे, अशी ती रचना होती. लंडनच्या रीजंट्स पार्कात १८४७ साली घोडागाडीला अशी चाके लावून चालविली. गाडी हलकी ओढली जाई आणि आवाज नसे. इतके होऊनही ती कल्पना मागे पडली आणि जग तिला विसरले. पुढे खुद्द थॉमसन हवा सोडून भरीव रबराच्या धावांकडे वळले.

चाळीस वर्षांनी बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यांनी तीच गोष्ट नव्याने शोधली. १८८७ साली आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठी त्यांनी हवेची धाव तयार केली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. दुसऱ्याच वर्षी विली ह्यूम याने बेलफास्टच्या शर्यती तिच्यावर जिंकल्या. १८९० मध्ये थॉमसन यांचे जुने पेटंट उजेडात आले आणि डनलॉप यांचे रद्द ठरले. तरी नाव राहिले ते डनलॉप यांचेच, आणि आम्हांला त्यात अन्याय दिसत नाही. थॉमसन यांच्या काळी रस्त्यावर सायकलच नव्हती. घोड्याला दचके कमी बसावेत म्हणून पैसे मोजणारा मनुष्य विरळा. स्वतःच्या पाठीला बसणारे दचके चुकावेत म्हणून मात्र कोणीही मोजील.

डनलॉप यांचा आरंभीचा टायर चाकाला डिंकाने चिकटविलेला असे. पंक्चर झाले की तो सोलून काढा, ठिगळ लावा, पुन्हा चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ येथील मिशलँ बंधूंनी १८९१ साली सुटा होणारा टायर काढला आणि हेच काम पाव तासावर आणले. त्याच वर्षी शार्ल तेराँ याने पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरांची शर्यत ७१ तासांत त्यांच्या टायरवर जिंकली. तत्पूर्वी १८९० साली चार्ल्स वेल्च यांनी टायरच्या कडेत तार घालण्याची युक्ती काढली होती. ही ताणली न जाणारी तारेची कड रिमच्या कंगोऱ्यात बसते. आपल्या लोहाराची धाव आम्हांस आठवली ती येथे. आवरण वेगळे, आतली ट्यूब वेगळी, ही जोडी तेव्हापासून स्थिर झाली. तिचा मोठा गुण असा की झाडाखाली पाण्याचे घमेले आणि सोल्यूशनची डबी घेऊन बसलेल्या माणसाला ती दुरुस्त करता येते. सपाट रस्त्यावर तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारणच नव्हते.

तक्रार निघाली ती डोंगरावर. कॅलिफोर्नियातील मरीन जिल्ह्यात माउंट टॅमल्पाइसच्या परिसरात काही तरुण जुन्या, वजनदार श्विन सायकली घेऊन मातीच्या वाटांवरून खाली येत. या सायकलींना १९३३ पासून प्रचारात आलेले सव्वादोन इंचांच्या आतबाहेरचे जाड फुगीर टायर असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी रीतसर शर्यत लावली. वाट सुमारे दोन मैलांची, आणि तेवढ्यात उतार १,३०० फुटांचा! मागच्या चाकाचा ब्रेक खाली पोहोचेपर्यंत इतका तापे की आतले वंगण जळून धूर निघे आणि ते नव्याने भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. गॅरी फिशर याने ही वाट ४ मिनिटे २२ सेकंदांत उतरून दाखविली. या खेळाचे पहिले अधिकृत जागतिक अजिंक्यपद १९९० मध्ये कोलोराडोतील ड्युरँगो येथे झाले.

वेग वाढला तशी ट्यूबची अडचण उघडी पडली. दगडावर चाक आदळले की टायर दबतो आणि आतली ट्यूब दगड व रिमची कड यांच्या चिमट्यात सापडते. तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. स्वार त्यास सर्पदंश म्हणतात, आणि तो तसाच दिसतो. हे टाळावयाचे तर हवा जास्त भरावी. पण जास्त हवेचे कडक चाक दगडावर उसळते, जमीन सोडते, आणि जमीन सोडलेल्या चाकाने ना वळता येते ना थांबता येते. उतारावरच्या स्वाराला मऊ चाक हवे, आणि ट्यूब त्याला ते मिळू देत नाही.

मोटारींनी ट्यूब केव्हाच टाकली होती. अमेरिकेतील गुडरिच कंपनीने ट्यूबरहित टायर १९४७ सालीच जाहीर केला होता. डोंगरी सायकलीला मात्र १९९९ पर्यंत वाट पाहावी लागली. मुख्य अडचण आऱ्यांची. सायकलीच्या रिमला आऱ्यांसाठी भोके असतात आणि त्यांतून हवा जाते. माव्हिक, मिशलँ व हचिन्सन या फ्रेंच कंपन्यांनी आतून भोके नसलेली रिम आणि तिच्या कंगोऱ्यात गच्च बसणारी कड यांचा मेळ घातला. दुसरी वाट स्टॅन कोझियाटेक या अमेरिकनाने २००१ च्या सुमारास रुळविली: भोकांवर हवाबंद पट्टी चिकटवावयाची आणि टायरमध्ये रबराच्या चिकाचे द्रव ओतावयाचे. काटा रुतला की द्रव भोकाशी धावते आणि गोठून ते बुजविते. अर्थात् ते काही महिन्यांनी आत वाळते; पुन्हा ओतावे लागते.

सारी दुःखे संपली असे मात्र नव्हे. हवा फार कमी ठेवली तर जोराच्या वळणावर कड क्षणभर सुटते आणि भसकन हवा जाते. इंग्रजीतही या प्रकाराला ढेकर असाच शब्द आहे. म्हणून डाउनहिलचा टायर निवडताना सुजाण स्वार आधी त्याच्या अंगाकडे पाहतो. कापडाचे दोन पदर असलेला, किलोच्या वर वजन भरणारा टायर चढावर जीव काढील, पण उतारावर दगड सोसतो. रुंदी बहुधा अडीच इंचांच्या आसपास. पुढे मऊ रबराचा, कडेला ठळक गाठी असलेला, कारण वळण धरावयाचे ते पुढच्याने. मागे थोडे कठीण रबर चालते. चिखलात उंच आणि विरळ गाठी हव्यात, टणक जमिनीवर आखूड. हवा साधारण २२ ते ३० पौंड, मागच्या चाकात दोनतीन पौंड अधिक. इतके करूनही २०१४ साली ऑस्ट्रियात लेओगांग येथील विश्वचषकाच्या शर्यतीत ॲरन ग्विन या नामांकित स्वाराचा मागचा टायर बसला आणि त्याने उरलेला उतार रिमवरच काढला.

अलीकडे कित्येक स्वार टायरच्या आत फेसासारख्या हलक्या रबराचे कडे बसवितात, म्हणजे रिम दगडावर आपटत नाही आणि कडही जागची हलत नाही. हे वाचताना आम्हांस थॉमसन यांची भरीव रबराची धाव आठवल्याखेरीज राहिली नाही.

पुढच्या रविवारी हे सर्व आम्ही त्या मुलास मोठ्या उत्साहाने ऐकविले. त्याने निम्मे ऐकले. तो निघण्याच्या गडबडीत होता. पाठीवरच्या पिशवीत हातपंप, पाण्याची बाटली, आणि कोपऱ्यात घडी करून रबर लावलेले काहीतरी काळे. ते काय, म्हणून आम्ही विचारले.

“ट्यूब, काका,” तो म्हणाला, “वाटेत लागली तर असावी.”