शके 976 चा तारा आणि अंबरनाथचा शिलालेख

अंबरनाथचे शिवालय ज्या वालधुनीच्या काठी उभे आहे, तीच नदी पुढे उल्हासनगरच्या दाट वस्तीतून वाहत कल्याणच्या खाडीला मिळते. आणि या टापूच्या प्राचीन इतिहासाला भक्कम आधार देणारा कालनिर्देश त्याच देवालयाच्या शिलालेखात कोरलेला आहे, तो म्हणजे शके 982, इसवी सन 1060. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकिर्दीतील हा लेख राजाची बिरुदे सांगतो, त्याच्या अमात्य-सांधिविग्रहिकादी अधिकाऱ्यांची नावे नोंदवतो, देवालयाच्या उभारणीचा उल्लेख करतो आणि संपतो. याच राजाच्या अमदानीत, लेखापूर्वी अवघी सहा वर्षे, आकाशात जे घडले त्याविषयी त्यात अक्षरही नाही.

4 जुलै 1054 रोजी चीनच्या सोंग दरबारातील ज्योतिषांनी वृषभ राशीच्या शिंगाजवळ एक आगंतुक तारा पाहिला. तो तेवीस दिवस भर उन्हात दिसत होता आणि रात्रीच्या आकाशातून त्याचे पुरते विलोपन होण्यास एप्रिल 1056 उजाडावा लागला. जपानमध्ये त्याची नोंद झाली, पश्चिम आशियात इब्न बुत्लान या वैद्याने त्याचा उल्लेख केला. कोकणात मात्र तो आषाढाचा वद्य पक्ष होता, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी आषाढ-श्रावणात आकाश कसे असते हे अंबरनाथशेजारच्या बदलापूरकरांना वेगळे सांगायला नको! तथापि मेघांवर सर्व भार टाकणे मला न्याय्य वाटत नाही. शरदात आकाश निवळल्यावर मध्यरात्रीच्या सुमारास पूर्वेकडे तो तारा खासा दिसत असला पाहिजे. देवालयाचे काम त्या वर्षांत चालू असावे, असे मानण्यास हरकत नाही. ज्या गर्भगृहाचे शिखर आज अपूर्ण असल्याने पायऱ्या उतरून आत उभे राहिले की वर उघडे आकाशच दिसते, त्याच्या पाथरवटांनी कामावरून परतताना मान वर करून तो पाहिला असेल. उणीव दृष्टीची नव्हती, दप्तराची होती. आपले सिद्धांतग्रंथ ग्रहगतीच्या गणितात रमले, तर चीनमध्ये आकाशाची रोजची नोंद हे सरकारी खात्याचे काम होते.

त्या दप्तराचे मोल नऊ शतकांनी कळले. 1731 मध्ये जॉन बेव्हिस या इंग्रज वैद्याला त्याच ठिकाणी एक धूसर तेजोमेघ आढळला, ज्याला पुढे क्रॅब नेब्युला हे नाव पडले. तो प्रसरण पावत असल्याचे 1921 मध्ये लक्षात आले, आणि त्या प्रसरणाच्या वेगावरून हबलने 1928 मध्ये त्याचे वय सुमारे नऊशे वर्षे काढले, तेव्हा गणिताचा आकडा आणि चिनी दप्तराची तारीख परस्परांशी जुळली. त्याच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे तीस वेळा गरगरणारा मृत ताऱ्याचा गाभा 1968 मध्ये सापडला. म्हणजे तो आगंतुक तारा हा मरणाऱ्या ताऱ्याचा स्फोट, अतिनवतारा, होता.

तारा मरतो कसा, या प्रश्नाचा आणखी एक धागा एका मराठी नावापाशी येतो. कुरुंदवाडला 1956 मध्ये जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेत जे संशोधन करीत होते, त्याचा विषय गॅमा किरणांचे क्षणिक स्फोट हा होता. अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकी उपग्रहांना 1967 पासून जाणवलेले हे स्फोट येतात कोठून, हे तीस वर्षे कोणास ठाऊक नव्हते. मे 1997 मधील एका स्फोटाचे अंतर कुलकर्णी ज्यात होते त्या गटाने केक दुर्बिणीने अजमावले आणि ते अब्जावधी प्रकाशवर्षे निघाले. पुढच्याच वर्षी, 25 एप्रिल 1998 चा स्फोट आणि त्याच जागी प्रकटलेला अतिनवतारा यांचा संबंध तपासताना, कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ लहरींवरून दाखविले की त्या ताऱ्यातून निघालेले द्रव्य प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावत होते. काही प्रचंड तारे कोसळताना अतिनवताराही होतात आणि गॅमा किरणांचा झोतही सोडतात, हे मत तेथून दृढ झाले. 29 मार्च 2003 च्या स्फोटाने उरलेली शंकाही फिटली. त्या स्फोटाच्या मागे राहिलेल्या रेडिओ तेजाचा मागोवा घेणाऱ्यांत नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय मीटरतरंग दुर्बीणही होती. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ही दुर्बीण ढगांना जुमानत नाही; आणि सप्टेंबर 2015 मध्ये सोडलेला ॲस्ट्रोसॅट उपग्रह तर मेघांच्या वरूनच गॅमा स्फोट टिपत आला आहे.

साध्या डोळ्यांच्या रसिकाला मात्र अजूनही दिवाळीनंतरच्याच रात्री लागतात. बदलापूरच्या पुढच्या वांगणी स्थानकावर उतरून मुंबईच्या खगोल मंडळाची मंडळी वर्षानुवर्षे रात्रभराचे आकाशदर्शन घडवीत आली आहेत. काळोख चांगला असेल तर लहान दुर्बिणीतूनही वृषभाच्या शिंगापाशी क्रॅब नेब्युलाचा तो फिकट ठिपका सापडतो. साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरचा, आणि आजही सेकंदाला सुमारे दीड हजार किलोमीटरच्या वेगाने पसरत चाललेला.