कबुलीची मोजदाद

एखाद्या व्याधीचे नाव प्रथम थट्टेने उच्चारले जावे आणि पाहता पाहता तीच व्याधी शास्त्राच्या दप्तरी दाखल व्हावी, असा प्रकार वैद्यकाच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल; परंतु विद्यापीठांतील तरुणांना समाजमाध्यमांचे व्यसन किती जडले आहे याचे जे मापन आज जगभर चालले आहे, त्याचा पूर्वेतिहास नेमका असाच आहे. १९९५ साली न्यूयॉर्कमधील इव्हान गोल्डबर्ग या मनोविकारतज्ज्ञाने, अमेरिकन मनोविकार संघटनेच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या निदानसंहितेतील जडजंबाल भाषेची नक्कल करून, 'इंटरनेट-व्यसन-विकार' या काल्पनिक रोगाची लक्षणे लिहून काढली. त्यांत बोटांची ऐच्छिक वा अनैच्छिक टंकनसदृश हालचाल हेही एक लक्षण मोठ्या गांभीर्याने नमूद केलेले होते. वाचणारे हसतील अशी गोल्डबर्गची अपेक्षा होती. कित्येकांनी उलट आपल्यालाच हा विकार झाला असल्याचे त्याला कळविले.

पुढच्याच वर्षी पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ब्रॅडफर्ड येथील शाखेतल्या किंबर्ली यंग यांनी टोरोंटोच्या अधिवेशनात तोच विषय, थट्टेचा लवलेशही न ठेवता, विद्वानांपुढे मांडला. जुगाराच्या विकृतीसाठी उपर्युक्त संहितेत जे निकष होते त्यांना थोडी मुरड घालून त्यांनी आठ प्रश्न सिद्ध केले, आणि पाचांना होकार देणाऱ्यास इंटरनेटच्या अधीन झालेला समजावे, असा दंडक घातला. ४९६ जबान्यांपैकी ३९६ या दंडकाने अधीन ठरल्या. हा आकडा पाहून दचकण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की, या मंडळींना जाहिराती देऊन आणि महाविद्यालयांच्या आवारांत पत्रके लावून पाचारण करण्यात आले होते, आणि पाचारणच मुळी इंटरनेटच्या शौकिनांना होते.

वस्तुतः द्यूताच्या आधारे आसक्तीची लक्षणे सांगण्याचा हा काही पहिला प्रयत्न नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जो जुगारी आहे, तो पुन्हा न खेळण्याचा निश्चय करतो आणि फाशांचा आवाज कानी पडताच तिकडे धाव घेतो. सासू त्याचा द्वेष करते, पत्नी त्याला दूर लोटते, आणि ऋणाच्या भयाने तो रात्री परक्यांची घरे शोधीत हिंडतो. यंगबाईंच्या आठांपैकी दोन-तीन प्रश्नांची उत्तरे तर त्यात निःसंशय मिळतात. भेद इतकाच की, सूक्तकाराने त्या दुःखाची बेरीज केली नाही.

बेरजेची ही विद्या विसाव्या शतकातील, आणि तिचाही जन्म विद्यापीठातच झाला. शिकागोच्या लुई थर्स्टन यांनी १९२८ साली माणसाच्या मनोवृत्ती मोजता येतात असे प्रतिपादन केले खरे, परंतु त्यांची पद्धती अशी की, प्रत्येक विधान अनेक परीक्षकांच्या हाती देऊन त्यांच्याकडून अकरा ढिगांत वर्गवारी करून घ्यावी, मग प्रत्येक विधानाचे मूल्य ठरवावे, आणि त्यानंतरच कोठे माणसाला प्रश्न विचारावा. १९३२ साली कोलंबिया विद्यापीठातील रेन्सिस लिकर्ट या तरुण संशोधकाने परीक्षकांची ही सारी कचेरीच बरखास्त केली. उत्तर देणाऱ्यालाच 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच पायऱ्या द्याव्या, पायरीगणिक १ ते ५ गुण द्यावे आणि शेवटी बेरीज मांडावी, म्हणजे झाले. ही पद्धती त्याने ज्यांच्यावर पारखून घेतली ते महाविद्यालयीन विद्यार्थीच होते. तेव्हापासून आजतागायत विद्यार्थी हा मानसशास्त्राचा हक्काचा साक्षीदार राहिला आहे, आणि त्याचे कारण कोणी समजेल तसे तात्त्विक नसून केवळ सोयीचे आहे: तो फुकट मिळतो, बाकावर बसलेला असतो, आणि प्राध्यापकाला नाही म्हणण्याची त्याची छाती नसते. मानवी वर्तनाचे म्हणून जे शास्त्र सांगितले जाते ते बव्हंशी महाविद्यालयातील दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या वर्तनाचे आहे, असा टोमणा क्विन मॅक्नेमार यांनी १९४६ सालीच मारून ठेवला होता. त्याने व्यवहारात यत्किंचितही फरक पडला नाही.

गंमत अशी की, ज्या माध्यमाच्या आसक्तीची मोजणी व्हायची, तेही विद्यार्थ्यांच्याच वसतिगृहातून बाहेर पडले. फेसबुकचा आरंभ फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांपुरता झाला, मग ते इतर महाविद्यालयांत पसरले, आणि तेरा वर्षांवरील सर्वांना त्याचे दार सप्टेंबर २००६ मध्ये खुले झाले. दरम्यान इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे मार्क ग्रिफिथ्स हे मानसशास्त्रज्ञ, ज्यांनी आरंभी नाणी टाकून खेळावयाच्या जुगारी यंत्रांच्या नादी लागलेल्या पोरांचा अभ्यास केला होता, व्यसन मग ते मद्याचे असो वा यंत्राचे, त्याची सहा अंगे सर्वत्र सारखीच असतात असे मांडीत होते. २००५ च्या त्यांच्या निबंधात ती अंगे नीट बांधलेली आहेत: त्या वस्तूने सारे मन व्यापणे, तिच्याकडून चित्तवृत्ती पालटून घेणे, मात्रा वाढत जाणे, ती न मिळाल्यास होणारी तगमग (पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गर्दचे रुग्ण जिला 'टर्की' म्हणत तीच), घरी-दारी संघर्ष, आणि सुटल्यावर पुन्हा घसरणे.

या सहा अंगांवरून नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या सेसिली आंद्रेआसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी मापनश्रेणी घडविली, ती २०१२ साली प्रसिद्ध झाली, आणि आजच्या बहुतेक प्रबंधांची तीच जननी आहे. तिची घडण मोठी सुबक आहे. प्रत्येक अंगासाठी तीन याप्रमाणे १८ प्रश्न रचून ते ४२३ विद्यार्थ्यांना विचारण्यात आले, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर एकूण बेरजेशी सर्वांत अधिक जुळले तेवढाच प्रत्येक तिघांतून राखून बाकीचे बारा रद्द करण्यात आले. उरलेल्या सहांत विद्यार्थ्याला विचारले जाते की, गेल्या वर्षभरात फेसबुकचा विचार करण्यात तुमचा किती वेळ गेला, ते अधिकाधिक वापरण्याची ओढ किती वेळा लागली, स्वतःच्या अडचणी विसरण्यासाठी त्याचा आश्रय घेतला काय, वापर कमी करण्याचा प्रयत्न फसला काय, मनाई झाली असता जीव अस्वस्थ झाला काय, आणि अभ्यासाचे वा कामाचे नुकसान होण्याइतका अतिरेक झाला काय. उत्तर 'अत्यंत क्वचित' ते 'अत्यंत वारंवार' या पाच पायऱ्यांत द्यावयाचे. म्हणजे नीचतम बेरीज ६, उच्चतम ३०. पुढे फेसबुकची मक्तेदारी ओसरली तेव्हा प्रश्नांतील फेसबुक खोडून त्या जागी 'समाजमाध्यमे' घालण्यात आली, आणि श्रेणी नव्या नावाने चालू राहिली.

खरी कसोटी बेरजेनंतर लागते: कितीला व्यसनी म्हणावे? आंद्रेआसेन यांनी सुचविले की, सहांपैकी निदान चारांत ३ किंवा अधिक गुण हवेत. हंगेरीतील किशोरवयीनांच्या पाहणीनंतर २०१७ साली इतरांनी १९ ही सीमा ठरविली. सहाही लक्षणे हवीतच, असा कडक पक्षही आहे. आपल्याकडे खरिपाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईत आणि किंचित वर गेली की टंचाईबाहेर, मग शेजारच्या दोन शिवारांतील कणसांत डोळ्यांना दिसेल असा फरक नसला तरी बेहत्तर, तशातलाच हा न्याय आहे. २०२१ साली ३२ राष्ट्रांतील पाहण्या एकत्र करून हिशेब मांडण्यात आला, तेव्हा कडक निकषाने व्यसनींचे प्रमाण सुमारे ५ टक्के आणि सैल निकषाने सुमारे २५ टक्के भरले. एवढी तफावत माणसांतली नसून सीमारेषेतली होती.

माझ्या मते या श्रेणीतील मूळचे वैगुण्य याहून खोल आहे. ती वापर मोजत नाही, वापराविषयीची कबुली मोजते. आणि कबुली ही विद्यार्थ्याच्या सवयीइतकीच त्याच्या सदसद्विवेकावर, घरच्यांच्या बोलण्यावर आणि परीक्षा किती जवळ आली आहे यावर अवलंबून असते. रात्रंदिवस फोनवर असणारा निर्ढावलेला मुलगा 'क्वचित' लिहील, आणि तासाभराच्या वापराने खंतावलेली पापभीरू मुलगी 'अत्यंत वारंवार'वर खूण करील. २०१८ साली अ‍ॅपलने फोनमध्येच वापराची नोंद ठेवण्याची सोय केली, तेव्हा ब्रिटनमधील संशोधकांनी २३८ जणांच्या प्रश्नावल्या त्या नोंदींशी ताडून पाहिल्या, आणि दोहोंचा मेळ फारच दुर्बळ निघाला. दुसऱ्या काही संशोधकांनी तर अशाच धाटणीचे प्रश्न घेऊन 'समाजमाध्यमां'च्या जागी प्रत्यक्ष भेटणारे मित्र घातले; ८०७ जणांपैकी ६९ टक्के मित्रांच्या सहवासाचे व्यसनी ठरले. त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात धाडावे असे अद्याप कोणी सुचविलेले नाही.

याचा अर्थ पीडाच नाही असा मात्र कोणी करू नये. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१४ साली तंत्रसाधनांच्या अतिवापरासाठी स्वतंत्र चिकित्सालय उघडले, आणि सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास फोन व दूरचित्रवाणी बंद ठेवण्याचा परिपाठ पडला, तो काही उगाच नव्हे. परंतु पीडा असणे वेगळे आणि तिला निदानाचा दर्जा मिळणे वेगळे. २०१३ च्या अमेरिकन निदानसंहितेने व्यसनांच्या प्रकरणात जुगाराला घेतले, इंटरनेटवरील खेळांना पुढील अभ्यासासाठी ताटकळत ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून खेळांच्या विकाराला मान्यता दिली. समाजमाध्यमे मात्र दोन्ही दप्तरांत नाहीत. तेव्हा सहा प्रश्नांची बेरीज २४ आली म्हणून एखाद्या विद्यार्थ्याला रोगी म्हणण्याचा अधिकार आजमितीस कोणासही नाही.

तरीही प्रबंध निघतच राहतात, कारण सहा प्रश्न दोन मिनिटांत सुटतात, आणि आता तर कागदही लागत नाही. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर प्रश्नावलीचा दुवा टाकला की संध्याकाळपर्यंत शंभर उत्तरे जमा होतात. ती ज्यांच्याकडून प्रथम येतात ते त्या क्षणी फोन हाती धरून बसलेलेच असतात, आणि जो विद्यार्थी आठवडाभर त्या गटाकडे फिरकत नाही त्याची जबानी नोंदलीच जात नाही.