स्कायलाइनचं नाक वीतभर वाढलं तेव्हापासून

जपानी स्पोर्ट्स कार घ्यायची, तिचं इंजिन उघडायचं, सस्पेन्शन बदलायचं, रंग आरशासारखा करायचा, या छंदाचा उगम बहुतेक जण टोकियोच्या रात्रीच्या हायवेवर शोधतात. मला तो एका मोटार कारखान्यात सापडतो.

मे 1964 मध्ये सुझुका इथे दुसरी जपान ग्रां प्री होणार होती. कंपन्यांनी शर्यतीसाठी खास गाड्या तयार करायच्या नाहीत, असं आदल्या वर्षी आपसात ठरलं होतं. प्रिन्स मोटर कंपनीने तो शब्द पाळला आणि सपाटून मार खाल्ला. या खेपेला मात्र तिचे इंजिनिअर हट्टाला पेटले. त्यांची स्कायलाइन म्हणजे दीड लिटर, चार सिलिंडरची साधी घरगुती गाडी. शिनइचिरो साकुराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनीच्याच ग्लोरिया या मोठ्या गाडीचं दोन लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन उचललं. ते स्कायलाइनच्या बोनेटखाली मावेना, म्हणून त्यांनी गाडीचं नाकच 20 सेंटिमीटरने, जवळजवळ वीतभर, वाढवलं. शर्यतीत समोर पोर्शे 904 होती, खास स्पर्धेसाठी बनवलेली. पोर्शेच जिंकली. पण तेत्सु इकुझावा यांनी एका फेरीपुरती आपली चौकोनी स्कायलाइन तिच्यापुढे काढली, आणि दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे सगळे क्रमांक स्कायलाइननेच घेतले.

या छंदाची सगळी लक्षणं मला या एका गाडीत दिसतात. सामान्य माणसाची गाडी, तिच्यात मुळात नसलेली ताकद, आणि कुठल्या तरी बंधनातून शोधलेली वाट. पुढच्या साठ वर्षांत बंधनं बदलत गेली आणि प्रत्येक बंधनाने छंदाला नवं वळण दिलं.

1966 मध्ये प्रिन्स निस्सानमध्ये विलीन झाली. 1969 मध्ये 160 अश्वशक्तीची पहिली स्कायलाइन जीटी-आर आली आणि तिने जपानी टूरिंग शर्यती गाजवल्या. 1973 मध्ये तिची पुढची पिढी आली ती नेमकी तेलसंकटाच्या आणि प्रदूषणाच्या कडक नियमांच्या तोंडावर. फक्त 197 गाड्या बनल्या आणि जीटी-आर हे नाव 16 वर्षं गुंडाळून ठेवलं गेलं.

मोठ्या कंपन्यांनी सोडलेली ही जागा बाहेरच्या माणसांनी घेतली. यामाहातून बाहेर पडलेले हिरोयुकी हासेगावा यांनी 1973 मध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी एचकेएस सुरू केली आणि पुढच्याच वर्षी प्रवासी गाडीवर बसवता येईल असा टर्बो किट बाजारात आणला. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूने एक चक्र फिरवायचं, त्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची, म्हणजे त्याच सिलिंडरमध्ये जास्त पेट्रोल जळतं. कारखान्यातून टर्बोसह निघालेली पहिली जपानी प्रवासी गाडी, निस्सान सेड्रिक, 1979 च्या अखेरीस आली. छोटी कार्यशाळा कारखान्याच्या पाच वर्षं पुढे होती! हौशी माणसाबद्दल तुच्छतेने बोलणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा. याच काळात इसामी आमेमिया माझदाच्या रोटरी इंजिनामागे लागले. शांते या माझदाच्या चिमुकल्या गाडीत त्यांनी रोटरी इंजिन बसवलं, ते आजही या मंडळींच्या गप्पांत निघतं.

या सगळ्यावर सावली होती ती 'शाकेन'ची. आपल्याकडे आरटीओत गाडीचं पासिंग असतं, तशी ही जपानची सक्तीची तपासणी. तिचा कायदा 1951 चा. खासगी नव्या गाडीला पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तिला सामोरं जावं लागतं. गाडीचं पोट जमिनीपासून किमान 9 सेंटिमीटर वर हवं, आवाज मर्यादेत हवा, धूर मोजलेला हवा. तेव्हा लोक काय करायचे? कारखान्याचा मूळ सायलेन्सर, मूळ स्प्रिंगा, मूळ चाकं घरी जपून ठेवायचे, तपासणीच्या आधी बसवायचे आणि पास झाल्यावर पुन्हा काढायचे. ही पळवाटच होती, पण तिच्यातून जुने भाग पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवण्याची सवय जडली. ती पुढे किती मोलाची ठरली ते शेवटी सांगतो.

1981 मध्ये दाइजिरो इनादा यांचं 'ऑप्शन' मासिक निघालं. गल्लीबोळातल्या मेकॅनिकला त्याने नाव आणि चेहरा दिला. 1983 मध्ये या मंडळींचं प्रदर्शन टोकियोत भरलं. आजचा टोकियो ऑटो सलॉन तो हाच. इबाराकीतल्या याताबेला साडेपाच किलोमीटरचा लंबगोल चाचणी ट्रॅक होता. तिथे या गाड्यांचा वेग घड्याळ लावून मोजला जाऊ लागला आणि त्याच वर्षी एचकेएसने सेलिकावर बांधलेल्या गाडीने ताशी 300 किलोमीटरचा टप्पा ओलांडला. बंद ट्रॅकवर मोजलेला हा आकडा मला रस्त्यावरच्या शंभर बढायांहून मोठा वाटतो. सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतींनी माणसं मेली आहेत. त्यांचं कौतुक मी करणार नाही.

घाटांची गोष्ट मात्र टाळता येत नाही. कुनिमित्सु ताकाहाशी मोटारसायकलच्या जागतिक शर्यतीतून गाड्यांकडे आले होते. 1970 च्या दशकात ते वळणावर गाडी मुद्दाम सरकवत, मागची चाकं घसरवत नेत. नागानोच्या केइइची त्सुचिया यांनी ते पाहिलं आणि घाटात तसंच करून पाहिलं. त्यांची आवडती टोयोटा एई86 ही 1983 ची, 1.6 लिटर, 130 अश्वशक्तीची, सुमारे साडेनऊशे किलोची आणि मागच्या चाकांना ताकद देणारी. स्वस्त होती, म्हणून पोरांच्या हाती लागली. या घसरवत नेण्यामुळे, म्हणजे ड्रिफ्टमुळे, गाडीत काय बदलायचं याचा क्रमच पालटला. साधा डिफरेन्शियल वळणावर उचललेल्या हलक्या चाकाला ताकद देऊन टाकतो आणि ते जागच्या जागी गरगरत राहतं. म्हणून आधी लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, मग सस्पेन्शन, आणि इंजिन सगळ्यांत शेवटी. गाडी समजून घ्यायची असेल तर आजही हाच क्रम योग्य आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता या वंशावळीतलं सगळ्यांत रसाळ पान. 1989 मध्ये जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं की देशात विकायच्या कुठल्याही गाडीची ताकद 280 अश्वशक्तीच्या वर दाखवायची नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निस्सानने जीटी-आर पुन्हा आणली, आर32. तिच्या आरबी26 इंजिनाची क्षमता 2568 सीसी, हा आकडा विचित्र वाटतो. पण ग्रुप ए शर्यतीत टर्बो इंजिनाच्या क्षमतेला 1.7 ने गुणून गट ठरवत. गुणाकार करून पाहा, 4366 येतात, म्हणजे साडेचार लिटरच्या आतल्या गटात गाडी नेमकी बसते. शर्यतीच्या गाडीतून पाचशेच्या वर अश्वशक्ती काढायची होती, म्हणून इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि दणकट केला. नियमाप्रमाणे रस्त्यावरच्या गाडीतही ब्लॉक तोच. 1990 ते 1993 या चार मोसमांत जपानी टूरिंग स्पर्धेच्या 29 पैकी 29 शर्यती आर32 ने जिंकल्या.

म्हणजे शोरूममधून 280 ची म्हणून घेतलेल्या गाडीत दुप्पट ताकद झोपलेली होती. टर्बोचा दाब आवरण्यासाठी एका रबरी नळीत बारीक भोकाचा धातूचा तुकडा बसवलेला असे. तो काढला की दाब वाढे. मात्र मूळ टर्बोमधली सिरॅमिकची चक्रं वाढलेला दाब फार काळ सोसत नसत, तुटत. मग पोलादी टर्बो, मोठे इंजेक्टर, नवा संगणक, थंड करणारा मोठा रेडिएटर, अशी साखळी सुरू होई. 1993 च्या टोयोटा सुप्राचं 2जेझेड इंजिनही बिडाच्याच ब्लॉकचं, तसंच सोशिक. 280 चा तो करार 2004 मध्ये होंडा लेजंडच्या 300 अश्वशक्तीने मोडला. पण कंपन्यांनी हात आखडता घेतला त्या पंधरा वर्षांत मालकांनी आपापल्या गॅरेजात जे शिकून घेतलं, त्यावर हा छंद आजही उभा आहे.

कायद्याची मोठी सूट 1995 मध्ये मिळाली. अमेरिकेशी व्यापारी वाटाघाटी चालू होत्या, सुट्या भागांची बाजारपेठ खुली करण्याचा दबाव होता. जपानच्या परिवहन मंत्रालयाने ठरावीक भाग परवानगीशिवाय बदलायला मुभा दिली. मोठा बदल असेल तर गाडी तपासून तो कागदोपत्री नोंदवून घेण्याची रीत आहेच. दहा वर्षांवरच्या गाड्यांची दर वर्षीची तपासणीही त्याच साली दोन वर्षांवर गेली आणि जुनी गाडी ठेवणं परवडू लागलं.

जुनी गाडी ठेवायची म्हणजे तिचा रंग राखायचा. या कामातलं एक मोठं हत्यार जपाननेच जगाला दिलं, ते म्हणजे क्ले बार. तादाओ कोदाते यांनी काढलेला हा मऊ, मळता येणारा गोळा. ब्रेकच्या आणि रेल्वेच्या लोखंडाची धूळ रंगात रुतून बसते, गंजते, आणि नुसत्या धुण्याने निघत नाही. ओल्या, निसरड्या पत्र्यावरून हा गोळा अलगद फिरवला की ते कण त्यात ओढले जातात. वरच्या पारदर्शक थराची जाडी साधारण 40-50 मायक्रॉन असते आणि रबिंग-पॉलिशच्या प्रत्येक फेरीत ती थोडी झिजते. आधी क्ले फिरवली की पॉलिश कमी करावं लागतं. गॅरेजात थेट मशीन लावणाऱ्याला थांबवा.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. 1995 पासून 'इनिशियल डी' ही चित्रकथा, 2001 मध्ये 'द फास्ट अँड द फ्युरियस', आणि 25 वर्षांहून जुनी गाडी आयात करू देणारा अमेरिकेतला नियम. त्यामुळे 2014 पासून आर32 तिकडे उघडपणे जाऊ लागली आणि किमती भडकल्या. आपल्याकडे तीन वर्षांहून जुनी परदेशी गाडी सहसा आयात करता येत नाही. म्हणून मुंबई-पुण्यातली हौस भागली ती इथेच विकल्या गेलेल्या होंडा सिटी व्हीटेक आणि मित्सुबिशी सीडियावर. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सरसकट बंदीपेक्षा तपासून नोंद करण्याची जपानी रीत मला शहाणपणाची वाटते. पण ती इथे येईपर्यंत कायदा हाच आहे.

दरम्यान छंदाने पुन्हा वळण घेतलं आहे. निस्सान 2017 पासून आर32 चे बंद पडलेले भाग पुन्हा बनवते आहे, टोयोटाने एई86 साठी तेच सुरू केलं. बदललेल्या गाड्या पुष्कळ आहेत, आता दुर्मीळ झालेत ते कारखान्याचे मूळ भाग. तुमच्याकडे जुनी व्हीटेक किंवा सीडिया असेल तर मेकॅनिकने काढलेला मूळ सायलेन्सर, मूळ स्प्रिंगा, मूळ एअर फिल्टरचा डबा भंगारात देऊ नका. पुसा, तेल लावा, गाडीचा नंबर आणि तारीख लिहून घरात ठेवा.