बाबासाहेबांचा प्रवास आणि एक अपुरे पुस्तक

परमपूज्य बाबासाहेब जिथे जिथे गेले, त्या वाटेने फिरून लिहिलेले एक पुस्तक मध्यंतरी आमच्या वाचनात आले. लेखकाचे नाव घेत नाही, कारण त्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु आमची निराशा झाली. हॉटेलातले जेवण, रस्त्यावरचे खड्डे, सूर्यास्ताचे फोटो, सगळं काही आहे. बाबासाहेब मात्र त्यात तारखेपुरतेच भेटतात.

मसूर स्टेशनचेच घ्या. सन १९०१ मध्ये लहानगे भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर कॅशियर होते. मुले येणार हे पत्र त्यांना मिळालेच नाही, म्हणून स्टेशनवर कोणी न्यायला आले नाही. अंगावर नवे कपडे बघून स्टेशनमास्तर आधी प्रेमाने बोलला, आणि जात कळताच मागे सरला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनीच बैल हाकायचे नि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. रात्री टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळाले नाही. जवळ खायला भरपूर होते, पण पाण्यावाचून पोरं तशीच झोपली. आमच्या लेखकांनी मसूरला काय पाहिले? तर स्टेशनची पाटी!

चाळीसगावची गोष्ट १९२९ ची. सरकारी समितीचे सभासद, बॅरिस्टर झालेले बाबासाहेब तिथे उतरले. वस्तीतल्या लोकांनी टांगा ठरवला, पण टांगेवाला अस्पृश्याला बसवून हाकायला तयार नव्हता. आपल्या पाहुण्याने पायी यावे हे लोकांना कसे पटणार? मग आपल्यातलाच एकजण हाकायला बसला. त्याला सवय नव्हती. नदीच्या मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. पुस्तकात ‘येथे अपघात झाला’ एवढेच एक वाक्य आहे. अपघात कशाने झाला, हे सांगायला नको?

१९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदावर हातपाय धुतले म्हणून केवढा गोंधळ झाला! पुढे आत सोडले ते शिपाई बरोबर देऊन, कुठे पाण्याला शिवू नये म्हणून. पुस्तकात इथे किल्ल्याच्या तोफांचे वर्णन दोन पाने आहे.

आपल्या शिरूर तालुक्याच्या वाट्याला तर पाऊण पान आले. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगाव भीमाच्या स्तंभाला मानवंदना द्यायला आले होते. महाडचा सत्याग्रह त्याच वर्षीच्या मार्चमधला, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांवर. हा धागा लेखकांच्या लक्षातच आला नाही. कोरेगावावरून आलेली भीमा पुढे आपल्या मांडवगणच्या शिवाराला लागून वाहते, तेव्हा आम्हाला हे जरा जास्तच लागले असेल.

खरे पाहता मसूर, चाळीसगाव, दौलताबाद या तिन्ही हकिगती बाबासाहेबांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवल्या आहेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ती पुस्तिका छापली. एका बैठकीत वाचून होते. मुलामुलींच्या हाती आधी ती द्यावी, प्रवासाचे पुस्तक मग बघू.