टोयोटा पिकअपचं स्टेअरिंग: दुरुस्ती कुठे थांबते आणि अपग्रेड कुठे सुरू होतं?

ऑफ-रोडिंगच्या जगात १९७९ ते १९८५ दरम्यान अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटा फोर-बाय-फोर पिकअपला (आपल्याकडे ओळखीचं नाव हायलक्स) आजही मान आहे. कारण सोपं आहे: पुढे एकसंध सॉलिड अ‍ॅक्सल आणि पाट्यांचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं सस्पेंशन. १९८६ मध्ये तिथल्या पिकअपला पुढे इंडिपेंडंट सस्पेंशन आलं. पण या दणकट गाडीची एक दुखरी नस आहे, ती म्हणजे स्टेअरिंग.

आधी मूळ रचना समजून घेऊया. स्टेअरिंग बॉक्स डाव्या चॅसी रेलवर असतो. त्याचा पिटमन आर्म पुढे-मागे हलतो आणि एका ड्रॅग लिंकमार्फत डाव्या चाकाचं नकल ढकलतो किंवा ओढतो. म्हणून याला 'पुश-पुल' म्हणतात. डाव्या नकलची हालचाल उजव्या चाकापर्यंत पोचवायचं काम टाय रॉड करतो.

गाडी मूळ उंचीवर असेपर्यंत हे ठीक चालतं. पण मोठे टायर बसवण्यासाठी गाडी उचलली की बॉक्स चॅसीसोबत वर जातो, अ‍ॅक्सल खालीच राहतो आणि ड्रॅग लिंक तिरकी होते. आता चाक खड्ड्यातून वर आलं की लिंकचं टोक एका वर्तुळात फिरतं, अ‍ॅक्सल पाट्यांच्या वेगळ्याच वर्तुळात. या दोन मार्गांतला फरक कुठेतरी जाणारच, आणि तो जातो चाकाच्या दिशेत. तुमचे हात स्थिर, तरी गाडी वळते. यालाच बंप स्टेअर म्हणतात. जोरात ब्रेक मारल्यावर अ‍ॅक्सल किंचित पीळ खातो, तेव्हाही गाडी एका बाजूला ओढते. घाटरस्त्यावर हे किती धोक्याचं आहे ते वेगळं सांगायला नको.

पण थांबा, लगेच पार्ट्स मागवू नका. कोडमध्ये बग आधी पकडतो आणि मग दुरुस्त करतो, इथेही तसंच. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, इंजिन चालू ठेवा. एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने बाहेरून एकेक सांधा बघायचा. चाक वळायच्या आधी सांध्यात जी हालचाल दिसते, तोच 'प्ले'. टाय रॉड एंड, ड्रॅग लिंकची टोकं, पिटमन आर्म, बॉक्सचे बोल्ट आणि स्टेअरिंग शाफ्टचा कपलर, असं क्रमाने जा. मग जॅक लावून चाक वर-खाली पकडून हलवा: इथला खडखडाट व्हील बेअरिंगचा किंवा नकलच्या बेअरिंगचा असतो, आणि नवा टाय रॉड टाकून तो जात नाही. बॉक्सवरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू पिळून प्ले घालवण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो जास्त कसला तर स्टेअरिंग मधोमध अडकायला लागतं आणि गिअर झिजतात.

टाय रॉड एंड काढताना काटेरी पाचर मारली की रबरी बूट फाटतो. सांधा पुन्हा वापरायचा असेल तर नट सैल करून, आर्मच्या डोळ्याच्या बाजूवर हातोड्याचा एक नेमका ठोका पुरतो. बसवताना नट ठरलेल्या टॉर्कला कसा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट अजून थोडा घट्ट करा, सैल कधीच नाही. जुनी पिन परत वापरू नका.

आता अपग्रेड. सगळ्यात लोकप्रिय उपाय म्हणजे 'क्रॉसओव्हर'. १९८६ नंतरच्या इंडिपेंडंट सस्पेंशनवाल्या टोयोटा पिकअपचा बॉक्स आणून जुन्या चॅसीवर बसवतात. त्याचा पिटमन आर्म आडवा हलतो, त्यामुळे ड्रॅग लिंक डावीकडून थेट उजव्या नकलपर्यंत जाते. लांब आणि बऱ्यापैकी सपाट लिंक असल्याने अ‍ॅक्सल वर-खाली झाल्यावर दिशेत फारसा फरक पडत नाही. नकलच्या वरच्या टोपीच्या जागी 'हाय स्टेअर' आर्म बसवले की टाय रॉडही पाट्यांच्या वर जातो. पूर्वी तो दगडांच्या वाटेत लटकायचा आणि वाकायचा.

इथे दोन गोष्टींवर कंजूषी नको. पहिली, चॅसी. नवा बॉक्स आडवा जोर लावतो, तेव्हा रेलला आतून-बाहेरून प्लेट हवी आणि बोल्टच्या भोकांत नळ्या वेल्ड केलेल्या हव्यात, नाहीतर बोल्ट कसताना पोकळ रेल दबते आणि पुढे तडा जातो. वेल्डिंग जमत नसेल तर जाणकाराकडून करून घ्या, हे शिकायचं ठिकाण नाही. दुसरी, आर्मचे स्टड. प्रत्येक आर्म चार स्टडवर आणि शंकूच्या आकाराच्या वॉशरवर टिकलेला असतो. आर्मखालच्या शिम जशा निघाल्या तशाच परत घाला, कारण नकलच्या बेअरिंगचा ताण त्यांच्यावर ठरतो. पहिल्या ट्रिपनंतर टॉर्क पुन्हा तपासा, कारण इथले नट सैल होण्याची सवय प्रसिद्ध आहे.

टाय रॉडसाठी साधारण ३२ मिमी व्यासाची, ६ मिमी जाड भिंतीची नळी लोक वापरतात. हाइम जॉइंट दिसायला देखणे, पण चिखल-धुळीत लवकर झिजतात. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला माझं मत बूट असलेल्या टाय रॉड एंडलाच. काम झाल्यावर दोन्ही बाजूंच्या कमाल वळणावर आणि अ‍ॅक्सल पूर्ण वर-खाली करून काही घासत नाही ना, ब्रेकची नळी ताणत नाही ना हे बघा. त्यानंतरच अलाइनमेंट.

भारतात २०२२ पासून मिळणाऱ्या हायलक्सला पुढे इंडिपेंडंट सस्पेंशन आणि रॅक-पिनियन स्टेअरिंग आहे, त्यामुळे क्रॉसओव्हर तिला लागू नाही. प्ले तपासायची पद्धत मात्र तिलाही चालते. आणि जुन्या लीफ स्प्रिंगवाल्या जीपवर असं काही करायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा: कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल केलात तर अडचण आरटीओत येते, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही.