व्ही.पी.पी. ते क्यूआर

‘कॅश ऑन डिलिव्हरी’ 2010 ला फ्लिपकार्टने आणली, असं आपण समजतो. पण मंडळी, पोस्टाची व्ही.पी.पी. 1877 पासूनची! आधी पोस्टमनच्या हातात पैसे, मग पार्सल फोडायचं. मुंबई-पुण्याची पुस्तकं रेल्वेने चाळीसगावला अशीच यायची. दुकानदार अनोळखी, पण पोस्टमन गल्लीतला, विश्वास त्याच्यावर.

नोटबंदीत, 2016 ला, पंचाईत झाली छोट्या दुकानदाराची. कार्डाच्या मशीनचं भाडं, वर बँकेची कापणी. त्याच वर्षी यूपीआय आलं. जानेवारी 2020 पासून सरकारने त्यावरची कापणी शून्य केली, म्हणून तर भाजीच्या हातगाडीवरही क्यूआर परवडतो. बँकांचा खर्च काही अंशी सरकारी अनुदानातून निघतो. निदान मोठ्या व्यापाऱ्यांकडून तरी कापणी घेऊ द्या, असा पेमेंट कंपन्यांचा तगादा 2025 पासून वाढलाय. हातगाडीवाल्यांनो, लक्ष ठेवा.