‘वाटलं’ म्हणून आत?

आजचा प्रश्न साधा आहे. युद्धाच्या काळात सरकार माणसाला खटल्याशिवाय आत टाकतं, तेव्हा ते बरोबर की चूक, हे तपासायचं कुणी?

२००४ मध्ये अमेरिकेने ग्वांटानामोच्या कैद्यांसाठी हे काम नौदल राखीव दलातल्या जेम्स मॅकगॅरा या रिअर ॲडमिरलकडे दिलं. तीन-तीन लष्करी अधिकाऱ्यांसमोर ५५८ कैद्यांची प्रकरणं गेली. कैद्याला वकील नाही, आणि सरकारी पुरावा आधीच खरा धरलेला! त्यातून फक्त ३८ जण ‘शत्रू नाहीत’ ठरले. २००८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, एवढ्याने भागत नाही.

आपल्याकडे हा पेच त्याच्या कितीतरी आधी आला होता. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि मुंबई सरकारने केशव तळपदे यांना भारत संरक्षण नियम २६ खाली स्थानबद्ध केलं. प्रकरण दिल्लीच्या फेडरल कोर्टात गेलं. मूळ कायद्यात शब्द होते ‘वाजवी संशय’. नियमात मात्र फक्त ‘सरकारची खात्री’. संशय वाजवी आहे का, हे बाहेरचा माणूस तपासू शकतो. सरकारला काय वाटलं, ते कसं तपासणार? २२ एप्रिल १९४३ ला सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्या कोर्टाने नियम २६ बेकायदा ठरवला.

मग सरकारने काय केलं? आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत सांगतो. कोड स्पेसिफिकेशनशी जुळत नव्हता, तर यांनी स्पेसिफिकेशनच बदललं! सहाव्या दिवशी, २८ एप्रिलला, वटहुकूम निघाला, तोही मागच्या तारखेपासून लागू.

पण नियम १२९ मध्ये ‘वाजवी संशय’ हे शब्द शिल्लक होते. त्यावरून नागपूरच्या विमलाबाई देशपांडे यांचं प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १९४६ मध्ये तिथे ठरलं, संशयाला कारण होतं हे अटक करणाऱ्यानेच कोर्टाला पटवायचं. म्हणजे सगळा फरक एका शब्दाचा.

गंमत बघा, संविधान सभेतल्या कितीतरी जणांनी स्वतः असा तुरुंगवास भोगला होता. तरी कलम २२ मध्ये स्थानबद्धता राहिलीच. तीन महिन्यांपुढे ठेवायचं तर सल्लागार मंडळाचा होकार हवा, एवढी अट मात्र त्यांनी घातली.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात ‘एमपीडीएखाली हर्सूल कारागृहात स्थानबद्ध’ अशी बातमी अधूनमधून येते. हा कायदा युद्धाचा नाही, शांततेतला आहे. त्यातही मंडळासमोर वकील देण्याचा हक्क नाही. आत गेलेला माणूस गुंड असेलही. पण ते तपासणारा, सरकारच्या बाहेरचा कुणीतरी हवाच ना? पुढच्या वेळी ही बातमी दिसली, तर मंडळाने पुढे काय ठरवलं, तेही शोधा.